बाईंचं घर कसं असावं?

मुलांनो, शाळा सुटल्यावर तुमचे गुरुजी किंवा बाई कुठे जातात, हे तुम्ही कधी पाहिलंय का? काही जण मोटारसायकलला किक मारून तालुक्याच्या गावी जातात. काही जण फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभे असतात. आणि माझ्यासारखे काही शाळेच्या मागच्या खोलीत जातात. आज त्या खोलीचीच गोष्ट सांगते. खोली छोटीशी आहे, पण तिच्यासाठी आम्हाला पार रायगडापर्यंत चढून जावं लागलं!

माझं माहेर बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात. डी.एड. झाले, आणि नोकरीचा हुकूम आला तो रायगड जिल्ह्याचा, पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीचा. आमच्या गावात कुणी पोलादपूर पाहिलेलं नव्हतं. वडील म्हणाले, "कोकणात आहे म्हणजे समुद्र असंल." समुद्र कसला! पुण्याहून घाट उतरून महाडला आलं, की सावित्री नदीच्या सोबतीने अठराएक किलोमीटर पुढे पोलादपूर. तिथून एक रस्ता आंबेनळी घाटाने वर महाबळेश्वरला जातो, दुसरा कशेडीच्या डोंगरातून खेडकडे. समुद्र तिकडे लांब बाणकोटला. इथे चारी बाजूंनी सह्याद्रीचे डोंगरच डोंगर. नरवीर तानाजी मालुसरे यांचं उमरठ गाव याच तालुक्यातलं.

मी आले ती जूनच्या शेवटच्या आठवड्यात. वाडीत उतरले तेव्हा छत्री होती, पण तिचा काही उपयोग नव्हता. एक म्हातारे आजोबा पडवीत बसले होते. मला बघून हसले आणि म्हणाले, "बाय, हितं पाऊस वरून येत न्हाय, आडवा येतो!" हे आजोबा म्हणजे वाडीतले जुने सुतार. पुढे त्यांनी मला जे शिकवलं, ते माझ्या डी.एड.च्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

माझी खोली पाहिली आणि मी चकितच झाले. चार भिंती, वर सिमेंटचा सपाट स्लॅब, एक दार आणि एकच खिडकी. अहो, हुबेहूब अशीच खोली आमच्या आष्टीकडच्या शाळेमागे होती! दाराची जागा तीच, खिडकीची जागा तीच. कुठल्या तरी कचेरीत कुणीतरी एकदा नकाशा काढला असणार आणि तोच सगळीकडे वाटला असणार. आता जरा हिशोब करा. आमच्या आष्टीकडे वर्षाला पाऊस पडतो सहाशे-सातशे मिलिमीटर. पोलादपूरला पडतो तीन हजारांच्या वर. म्हणजे आमच्या चार-पाच वर्षांचा पाऊस इथे चार महिन्यांत! आणि घर मात्र एकच.

व्हायचं तेच झालं. जुलैत स्लॅबवर पाणी तुंबलं आणि ते आत झिरपायला लागलं. गादी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. पश्चिमेची भिंत ओलीगच्च, तिच्यावर हिरवं शेवाळ. वह्यांना बुरशी आली. मुलांच्या उत्तरपत्रिका मी चुलीवर तव्यासारख्या शेकून वाळवल्या, हे खोटं वाटेल, पण खरं आहे. माझ्या आधीचे गुरुजी याच खोलीला कंटाळून बदली करून गेले होते, असं वाडीत सगळे सांगायचे. त्यांना मी मुळीच दोष देत नाही. मीही बदलीचा अर्ज लिहून पेटीत ठेवला होता.

मे महिन्यात दुसराच प्रकार. महाड-पोलादपूरचा हा भाग डोंगरांच्या बशीत बसलेला. समुद्राचा वारा इथपर्यंत धड पोचत नाही. पारा चाळिशीपर्यंत जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता खाली सोडायचा आणि मी घामाने निथळत पडायची. तेव्हा मला आमच्या गावाकडच्या घराची आठवण यायची. उन्हाळा आमच्याकडे काही कमी नसतो, उलट जास्तच. पण आमचं ते घर गार कसं राहायचं?

ते घर आहे माळवदाचं. तुमच्यापैकी जे मराठवाड्यातले असतील त्यांना माळवद सांगायला नको. इतरांसाठी सांगते. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती. त्यांच्यावर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पालापाचोळा आणि त्यावर वीतभर पांढऱ्या मातीचा थर, चोपून चोपून सपाट केलेला. खिडक्या अगदी लहान. मध्ये अंगण. बाहेरचं ऊन भिंतीवर पडतं, पण त्या जाड मातीतून उष्णता आत यायला कितीतरी तास लागतात. भिंतीचा आतला अंग तापेपर्यंत बाहेर रात्र झालेली असते, आणि आमच्याकडची रात्र कोरडी, गार. मग घरातली माणसं काय करतात? अंथरुणं घेऊन सरळ माळवदावर झोपायला जातात! दिवसा घरात, रात्री घरावर. पाऊस थोडा, म्हणून सपाट छप्पर चालतं.

मला वाटलं, सापडलं उत्तर! इथेही जाड मातीची भिंत आणि छोटी खिडकी करू. सुतारआजोबांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना खोकला आला.

"बाय, तुमचा माठ कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी गावाकडून येताना एक माठ आणला होता. आष्टीला त्यातलं पाणी दात ठणकतील इतकं गार व्हायचं. इथे मेमध्ये ते नुसतं कोमट. मला वाटायचं, माठच बिघडला. पण माठ तोच होता, हवा वेगळी होती. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी वाळतं, म्हणजे त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं. म्हणून आतलं पाणी गार. पण इथे हवेतच इतकी वाफ भरलेली, की माठावरचं पाणी वाळायला मागत नाही. आपल्या अंगावरच्या घामाचंही तेच. शिवाय इथे दिवस आणि रात्र यांच्या तापमानात आमच्याइतका फरक नसतो. मग जाड भिंतीने दिवसाची उष्णता रात्रीवर ढकलली तरी फायदा काय? रात्रही उकाड्याचीच! इथे हवं ते वारं. घाम वाळवायला वारं आणि डोक्यावर सावली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर लिहिलं : "बाईंचं घर कसं असावं?" आणि चौथीच्या मुलांना सांगितलं, आता वाडीतली घरं बघायला चला.

त्या दिवशीसारखी शाळा मी पुन्हा कधी भरवली नाही. मुलं ज्या घरांत जन्मली, तीच घरं ती पहिल्यांदा पाहात होती. जुनं कोकणी घर म्हणजे आधी काळ्या दगडाचं उंच जोतं. जमिनीवरून वाहणारं पाणी जोत्याखालून निघून जातं. त्यावर कुडाची भिंत. कूड म्हणजे रानातल्या कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि शेणमातीने लिंपायच्या. वर उतरतं छप्पर, त्यावर कौलं. छप्पर भिंतीच्या पुढे चांगलं हातभर-दोन हात आलेलं, त्याला म्हणतात वळचण. आणि पावसाच्या अंगाला पडवी. आजोबांचं म्हणणं, पडवी ही घराची छत्री. आडवा पाऊस आधी पडवीला भिजवतो, माजघराची भिंत कोरडी राहते. भिंत छपरापर्यंत अगदी चिकटलेली नसते, मधे फट असते. कौलांच्या सांध्यांतही बारीक फटी. गरम हवा वर चढते आणि तिथून निसटते. उन्हाळ्यात अंगणात मांडव घालायचा, म्हणजे तापलेल्या जमिनीची धग घरात येत नाही.

मग शाळेत येऊन आम्ही एक प्रयोग केला, तो तुम्हीही करून बघा. चपलांची तीन रिकामी खोकी घ्या. एकावर पत्र्याचा तुकडा ठेवा, दुसऱ्यावर कौल, तिसऱ्यावर भाताच्या पेंढ्याचा जाड थर. प्रत्येकात वाटीभर नव्हे, सुपारीएवढं लोणी ठेवा आणि तिन्ही खोकी भर दुपारी उन्हात मांडा. आमच्या पत्र्याखालचं लोणी बघता बघता पाणी झालं. पेंढ्याखालचं सगळ्यात शेवटी वितळलं. कौल मधे. (उरलेलं लोणी कुणी खाल्लं, याचा शोध अजून लागलेला नाही.)

"मग सगळे पत्रे का घालतात?" एका मुलीने विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. आणि उत्तर "लोकांना कळत नाही" असं मुळीच नाही. कौलारू घर दरवर्षी पावसाआधी शाकारावं लागतं, म्हणजे कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा नीट बसवावी लागतात. त्याला माणसं लागतात. या तालुक्यातली कितीतरी माणसं मुंबईला कामाला. घरं गणपतीत आणि शिमग्याला उघडतात. मग शाकारणार कोण? त्यात वानरं! एक टोळी छपरावरून गेली की पन्नास कौलं फुटली म्हणून समजा. पत्र्याला हे काही होत नाही. पण पत्र्याचीही एक फजिती आम्ही पाहिली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, ते इथपर्यंत घोंघावत आलं. नीट न बांधलेले पत्रे पतंगासारखे उडत होते. तेव्हापासून आजोबा एक गोष्ट बजावून सांगतात : छप्पर नुसतं ठेवायचं नसतं, बांधायचं असतं.

हिवाळ्यात शाळेची सहल रायगडला गेली. महाडवरून पाचाड, आणि तिथून पायऱ्या. मी मुलांना आधीच सांगितलं होतं, आपण किल्ला तर बघणारच, पण घरंही बघायची. पाचाडला जिजाऊसाहेबांच्या वाड्याचे अवशेष आहेत. गडावरची थंड, वाऱ्याची हवा त्यांना उतारवयात मानवत नव्हती, म्हणून महाराजांनी पायथ्याला त्यांच्यासाठी वाडा बांधला, असं सांगतात. गड तोच, डोंगर तोच, पण खाली पायथ्याला हवा वेगळी, म्हणून घर वेगळ्या जागी!

वर बालेकिल्ल्यात गाइडने काही जोती दाखवली आणि म्हणाला, हे अष्टप्रधानांचे वाडे. माझा एक विद्यार्थी लगेच म्हणाला, "बाई, म्हणजे ह्या पण सरकारी खोल्या!" सगळे हसले, पण मुद्दा खरा होता की. राज्याचा कारभार करणारी माणसं गडावर ठेवायची, तर त्यांना राहायला घर आधी हवं. रायगडाचं बांधकाम केलं ते हिरोजी इंदुलकर यांनी. त्यांचं नाव जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर कोरलेलं आहे. मुलांनी ते बोटांनी चाचपून वाचलं. मुलांना दुसरं काय दिसलं, सांगू? जोती आहेत, पण छपरं नाहीत. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी गडावर तोफा डागल्या, आग लागली आणि लाकूडकाम जळून गेलं. दगड राहिला. गडांवर तळी आणि टाकी खोदायची आणि निघालेला दगड बांधकामाला वापरायचा, ही जुनी रीत. पाणीही झालं आणि भिंतीही झाल्या. दगड वाहून आणायचा खर्च वाचला, तो वेगळाच.

परत आल्यावर मी मुलांना आणखी दोन माणसांची गोष्ट सांगितली. १९३६ मध्ये महात्मा गांधी वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहायला गेले. विदर्भातला तो उन्हाळा तुम्हाला माहीत आहेच, पारा पंचेचाळीसच्या वर! झोपडी बांधताना गांधीजींची अट होती की सामान तिथलंच वापरायचं आणि खर्च अगदी कमी ठेवायचा. मातीच्या भिंती, बांबू, कौलं, भोवती खाली उतरलेल्या छपराची पडवी. आश्रमातल्या कार्यकर्त्यांच्या कुट्याही तशाच साध्या. त्या आजही उभ्या आहेत. दुसरा माणूस लॉरी बेकर. हा इंग्लंडमध्ये जन्मलेला वास्तुशिल्पी तरुणपणी गांधीजींना भेटला होता. घराचं सामान घरापासून पाच मैलांच्या आत मिळालेलं असावं, हे गांधीजींचं म्हणणं त्याने आयुष्यभर लक्षात ठेवलं आणि केरळात स्वस्त, हवेशीर घरं बांधली. त्याने विटा उभ्या, मधे पोकळी ठेवून रचल्या. त्यामुळे विटा सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात आणि मधली कोंडलेली हवा उष्णतेला अडवते.

पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. मुलांनी वही काढली आणि आठ किलोमीटरच्या आत काय मिळतं ते लिहिलं. काळा दगड, माती, शेण, बांबू, पेंढा. सिमेंट बाहेरचं, लोखंड बाहेरचं. विटा खाली महाडकडून आणाव्या लागतात. कारवी आहे, पण जंगलातली, मनाला येईल तशी तोडता येत नाही. एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पडलेल्या घराची कौलं!" हे मला सुचलं नव्हतं.

मग घराची जागा ठरवायची वेळ आली. मी सहज शाळेच्या वरच्या अंगाची सपाट जागा दाखवली. तिथून दरी फार सुंदर दिसते. कुणी काही बोलेना. शेवटी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "तकडं नको बाई. तकडं डोंगर कापलाय."

मित्रांनो, तुमच्यातले काही जण तेव्हा फार लहान असतील, म्हणून सांगते. २२ जुलै २०२१. त्या पावसात महाड शहरात सावित्रीचं पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. महाड तालुक्यातल्या तळिये गावाच्या एका वाडीवर डोंगर कोसळला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. आमच्या पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी आल्या, तिथेही माणसं दगावली. ती मुलगी तेव्हा अगदी लहान होती. पण त्यानंतर दर पावसाळ्यात तिच्या घरचे रात्री कपड्यांची पिशवी दाराशी ठेवून झोपतात. घर हवेशीर आहे की नाही, कौलं आहेत की पत्रा, हे प्रश्न तिच्या मते नंतरचे. पहिला प्रश्न : वरून काय येईल?

मग मुलांनीच नियम केले. जिथे रस्त्यासाठी किंवा घरासाठी डोंगराचा पायथा उभा कापलाय, त्याच्या खाली घर नको. ओढ्याच्या तोंडाशी नको. जिथे झाडं वाकडी झालीत किंवा जमिनीला भेग पडलीय, तिथे नको. अचानक गढूळ पाणी फुटलं तर तिथे थांबायचंसुद्धा नाही, मोठ्या माणसांना सांगायचं. मी हे सगळं कागदावर उतरवून घेतलं. सगळ्या जागा पाहून झाल्यावर कळलं, की त्यातल्या त्यात बरी जागा माझ्या त्या गळक्या खोलीचीच आहे! खोली चुकीची होती, जागा बरोबर होती.

मुलांनी काढलेला नकाशा आम्ही ग्रामसभेत नेला. नवं घर बांधायला पैसे नव्हते, हे तुम्ही ओळखलंच असेल. बरीच चर्चा झाली, थोडी भांडणंही झाली. बाई काय, उद्या बदली करून जातील, मग घर कुणाला, असं एक काका म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. माझा अर्ज पेटीत आहे, हे मला ठाऊक होतं, मी खाली मान घालून बसले. तेव्हा सुतारआजोबा उठले. म्हणाले, "घर बायचं न्हाय. घर शाळंचं. बाय गेली तर दुसरी बाय यील, ती तरी टिकंल."

ठरलं असं, की खोली पाडायची नाही. स्लॅबवर छप्पर करायचं. मुंबईला राहणाऱ्या एका कुटुंबाचं घर पडलं होतं, त्यांनी कौलं आणि वासे दिले. कौलं मुलांनी हातोहात वाहून आणली, एका रांगेत उभं राहून. आजोबांनी वासे स्लॅबच्या गजांना तारेने आवळून बांधले, निसर्ग वादळ ते विसरले नव्हते. स्लॅब आणि कौलं यांच्यामध्ये माणूस वाकून जाईल एवढी मोकळी जागा. ऊन आता कौलांवर पडतं आणि मधली हवा उष्णता घेऊन निघून जाते. पाऊस स्लॅबला शिवतसुद्धा नाही. पश्चिमेला पडवी काढली. आणि खिडकीच्या समोरच्या भिंतीत दुसरी खिडकी फोडली. वारा एका बाजूने आत आला तर त्याला दुसरीकडून बाहेर जायला वाट नको का?

आष्टीकडच्या त्या दुसऱ्या खोलीचं काय, असं तुम्ही विचाराल. मी तिथल्या गुरुजींना पत्र लिहिलं. तिथे उतरतं छप्पर नको. स्लॅबवर पांढराशुभ्र चुना मारा, म्हणजे बरंचसं ऊन परत फिरेल. जुनी फुटकी मडकी स्लॅबवर पालथी मांडून वर मातीचा थर दिला तर आणखी बरं. पश्चिमेला लिंब लावा. लिंब वाढायला वेळ लागतो, चुना एका सुट्टीत होतो. त्यांचं उत्तर आलं, चुना मारला, मडकी गोळा करतोय.

वानरांचा बंदोबस्त मात्र झालेला नाही. गेल्या वर्षी तीस कौलं गेली. मुलं म्हणतात, बाई, पडवीवर काटेरी फांद्या टाकू. आजोबा म्हणतात, वानर त्याच फांद्या उचलून तुमच्यावर टाकंल.

मे महिन्यात आई इथे राहायला आली. दोन्ही खिडक्यांतून वारा येत होता. पडवीत बसून तिने चहा घेतला, घर वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, खाली वाकून जोतं पाहिलं, मान वर करून कौलं पाहिली. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. रात्र झाली, तशी ती अंथरुणाची वळकटी काखेत मारून बाहेर आली आणि छपराकडे बघत उभी राहिली.

"अगं," ती म्हणाली, "सगळं केलंस, पण झोपायला माळवद कुठाय?"